लीळाचरित्र : कष्टाने लाभलेला ठेवा

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगत, चिंचपाडा हे गाव आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, नवापूर आणि खांडबारा यांच्या दरम्यान त्याचे स्थानक लागते. येथून पश्चिमेस गेले असता सुरत-भरूचचा मुलूख, आणि पूर्वेस सारा खानदेश ओलांडला असता वऱ्हाड. श्रीचक्रधर स्वामींच्या चरित्राचा आरंभ परंपरेने भरूच येथे सांगितला जातो, आणि त्यांना श्रीगोविंदप्रभूंपासून ज्ञानशक्तीचा लाभ झाला तो वऱ्हाडातील ऋद्धिपूर येथे. चिंचपाडा या दोन स्थळांच्या मधल्या प्रदेशात येते. तेथून अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर, म्हणजे आजचे रिद्धपूर, चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

परंतु या पाठात विचार करावयाचा आहे तो वेगळ्या अंतराचा. नवापूर तालुक्यातील अनेक घरांत मावची बोलली जाते. ती भिली गटातील भाषा आहे. मराठी ही त्या घरांतील मुलांना शाळेत भेटते. अशा घरातील एखादा जिज्ञासू तरुण अथवा तरुणी लीळाचरित्र उघडून बसली, तर पहिल्या पानावरच अडखळणार. 'बिढार' म्हणजे काय, 'पहुड' म्हणजे काय, 'बीजें करणे' म्हणजे काय, हे पुण्या-नागपूरच्या मराठी वाचकालाही सांगता येत नाही, तेथे तिची काय कथा? ग्रंथ सोपा आहे, बोलीत आहे, सर्वांसाठी आहे, असे तिने ऐकलेले असते. प्रत्यक्षात मात्र पानापानावर धोंडे लागतात. मग मनात येते की, हा ग्रंथ आपल्यासाठी नव्हेच. तो जाणत्यांनी वाचावा, आपण नमस्कार करून पोथी मिटावी.

हा विचार स्वाभाविक आहे, पण तो बरोबर नाही. तो का बरोबर नाही, हे कळण्यासाठी हा ग्रंथ आपल्या हाती कसा आला ते पाहिले पाहिजे. लीळाचरित्राच्या वाटेवर आजवर तीन वेळा मोठी अडचण उभी राहिली. तिन्ही वेळा कोणीतरी नेटाने पुढे गेले, म्हणून ग्रंथ राहिला. आजच्या वाचकासमोर उभी आहे ती चौथी अडचण होय.

पहिली अडचण : विखुरलेली आठवण

परंपरेप्रमाणे शके ११९६ मध्ये, म्हणजे इ. स. १२७४ मध्ये, स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. सन्निधानाचा काळ संपला आणि असन्निधानाचा काळ सुरू झाला. श्रीनागदेवाचार्य म्हणजे भटोबास आणि इतर अनुसरलेली मंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. स्वामींचे बोलणे, चालणे, हसणे, रागावणे, कोणाला दिलेले उत्तर, कोणाच्या घरी घेतलेली आरोगणा, हे सर्व आता केवळ आठवणीत होते. आणि आठवण एका ठिकाणी नव्हती. काही भटोबासांजवळ, काही महदाइसेजवळ, काही अन्य भक्तांजवळ, काही दूरच्या गावी राहिलेल्या साध्या माणसांजवळ. ज्याने जे पाहिले तेवढेच त्याच्यापाशी.

सराळे गावचे म्हाइंभट हे शास्त्रांत निष्णात असलेले पंडित. स्वामींशी वाद करण्याच्या ईर्षेने ते आले होते आणि त्यांच्या विद्येचा अभिमान स्वामींपुढे गळून पडला, ही हकीकत अभ्यासकांना परिचित आहे. पुढे ते अनुसरले. भटोबास एकांती बसून कशाचे तरी मनन करीत असतात, हे त्यांच्या ध्यानी आले. विचारले असता कळले की, भटोबास स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत आहेत. म्हाइंभटांनी जाणले की, हे स्मरण त्या एका देहाबरोबर संपून जाईल. त्यांनी त्या लीळा सांगण्याची विनंती केली आणि लिहून घेण्यास आरंभ केला. परंपरा या कार्याचे स्थान ऋद्धिपूरचे वाजेश्वरी असे सांगते.

येथे म्हाइंभटांपुढे दोन मार्ग होते. एक सोपा होता. भटोबास हे आचार्य. त्यांनी सांगितले तेवढे लिहावे, उरलेले आपल्या पांडित्याने सजवून भरून काढावे, म्हणजे एक सुबक चरित्र तयार झाले असते. त्या काळी चरित्रे याच रीतीने होत. दुसरा मार्ग कष्टाचा होता. ज्याने लीळा प्रत्यक्ष पाहिली त्यालाच शोधून काढावे, त्याच्या गावी जावे, त्याच्यापुढे बसावे, आणि तो सांगेल तेच त्याच्या नावानिशी लिहावे. म्हाइंभटांनी दुसरा मार्ग धरला.

या निवडीत काय सोसावे लागले याची कल्पना करावी. एकेकाळी वादसभा जिंकण्यात ज्यांची हौस, ते म्हाइंभट आता खेड्यापाड्यांतील स्त्रीपुरुषांपुढे वही घेऊन बसले. सांगणारा विसरे, मध्येच थांबे, दुसऱ्याशी त्याचे जुळत नसे. ज्याला शास्त्र येत नाही त्याला विचारावे, आणि त्याच्या शब्दाला आपल्या शब्दापेक्षा अधिक मान द्यावा, हे पंडिताला पायपिटीहून अवघड. म्हाइंभटांचा खरा प्रवास गावोगावचा होता, त्याहून अधिक तो अभिमानापासून श्रवणापर्यंतचा होता.

दृष्टांतपाठातील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत येथे आठवावा. जन्मांध माणसे हत्तीला हात लावतात. ज्याच्या हाताला जो अवयव लागला, त्याला हत्ती तसाच वाटतो. कोणी खोटे बोलत नाही, पण पूर्ण हत्ती कोणाच्याच हाती नसतो. लीळा सांगणाऱ्यांचेही तसेच होते. एकाने स्वामींना सकाळी पाहिले, दुसऱ्याने विळीच्या अवसरी. एकाने प्रश्न ऐकला, दुसऱ्याने केवळ उत्तर. म्हाइंभटांनी कोणाचाही हात खोटा ठरविला नाही. सर्वांचे हात एकत्र आणले. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा विभागांत हजाराहून अधिक लीळा जमल्या. तेराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ अशा रीतीने आकारास आला. यानंतर म्हाइंभटांनी श्रीगोविंदप्रभूंच्या लीळाही त्याच पद्धतीने संकलित केल्या.

ग्रंथाचे सौंदर्य याच कष्टातून आले आहे, ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. लीळाचरित्रात माणसे खरी बोलतात. भांडतात, रुसतात, भुकेली होतात, चुकतात. वाक्ये लहान आहेत. अलंकारांचा सोस नाही. लेखकाने स्वतःचा आवाज मागे ठेवला, म्हणून इतरांचा आवाज सातशे वर्षे टिकला. सोपा मार्ग धरला असता तर एका पंडिताचे चरित्रकाव्य मिळाले असते. शेकडो साक्षींचा हा मेळा मिळाला नसता.

दुसरी अडचण : हरपलेली पोथी

चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजा देवगिरीवर आल्या आणि यादवांचे राज्य बुडाले. त्या धामधुमीत म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. पंथाच्या वाङ्मयात या आपत्तीला खालशाची धाड म्हणतात.

एवढ्या श्रमाने जमविलेले एका धाडीत गेले. ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या होत्या अशी माणसे आता उरली नव्हती, किंवा फार थोडी उरली होती. पुन्हा गावोगाव जाऊन विचारावे तर कोणाला? अशा वेळी 'ईश्वरेच्छा' म्हणून हात जोडणे सोपे असते. मागच्यांनी तसे केले नाही. ज्यांनी मूळ पोथी वाचली होती, ऐकली होती, पाठ केली होती, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्याचे कार्य सुरू झाले. यात हिराइसा यांचे नाव अग्रभागी आहे. त्या एकपाठी होत्या असे परंपरा मानते. त्यांच्या पाठावरून लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या. परशरामबास, रामेश्वरबास इत्यादींच्या पाठांनीही या कार्याला हातभार लावला.

पोथी गेली, पण पाठांतर राहिले, म्हणून ग्रंथ परत आला. एका स्त्रीच्या स्मरणशक्तीवर मराठीतील आद्य चरित्रग्रंथ तरला, ही गोष्ट अभ्यासकाने विसरू नये. भटोबासांनी केशिराजबासांना संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केले, तेव्हा त्यांचे कारण हेच होते की, संस्कृताने साध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील. आचार्यांनी ज्यांच्यासाठी मराठीचा आग्रह धरला, त्यांच्यातीलच एकीने पुढे तो मराठी ग्रंथ राखला. दिलेले असे परत येते.

या पुनर्रचनेत आणखी एक बोध आहे. निरनिराळ्या पाठांत भेद निघाले. एकाच्या स्मरणात लीळा एक प्रकारे, दुसऱ्याच्या स्मरणात किंचित वेगळी. हे भेद झाकून एकच गुळगुळीत पाठ करणे शक्य होते. पोथ्यांत मात्र हे भेद 'वासना' म्हणून, 'शोध' म्हणून, सांगणाऱ्याच्या नावासह नोंदलेले आढळतात. नव्याने वाचणाऱ्याला या नोंदींनी गोंधळल्यासारखे होते. वस्तुतः त्या ग्रंथाच्या प्रामाणिकपणाच्या खुणा आहेत. भांडे फुटले आणि सांधले, तेव्हा सांधा लपविला नाही. आठवत नाही तेथे रचून सांगण्यापेक्षा, दोघांना दोन प्रकारे आठवते असे सांगणे हे सत्याला अधिक जवळचे आहे.

तिसरी अडचण : लिपीचे कुलूप

पुढे ग्रंथरक्षणासाठी सांकेतिक लिप्या उपयोगात आल्या. त्यांतील सकळा लिपी रवळोबासांच्या नावाशी जोडली जाते. सुंदरी आणि अन्य लिप्याही निर्माण झाल्या. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे अथवा चिन्हे योजावयाची, म्हणजे संकेत ठाऊक असणाऱ्यालाच वाचता यावे, अशी ही रीत. मठामठांत हस्तलिखिते नकलून ठेवण्यात आली. नक्कल करणाऱ्याची नावे बहुधा कोणाच्या स्मरणात नाहीत. दिव्याच्या उजेडात, बोरूने, ओळीमागून ओळ उतरविणाऱ्या या अनामिकांनी सहाशे वर्षे ग्रंथ वाहून आणला.

परंतु कुलपाने रक्षण होते तसे अंतरही वाढते. पंथाबाहेरच्या जगाला या वाङ्मयाचा पत्ता नव्हता, आणि त्यामुळे गैरसमजही पसरले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. पंथातील महंतांनीही पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. यशवंत खुशाल देशपांडे, हरि नारायण नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनी त्यावर आयुष्याची वर्षे वेचली. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग १९३६ पासून क्रमाने प्रसिद्ध केले. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली निघाली. श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८४ साली प्रसिद्ध झाला. ज्या ऋद्धिपुरात म्हाइंभटांनी लेखणी हाती घेतली, तेथेच आज मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

चौथी अडचण : आजचा वाचक

साक्षी विखुरले होते, ते जमविले गेले. पोथी हरपली होती, ती स्मरणातून परत आली. लिपी बंद होती, ती उघडली. आता ग्रंथ छापील आहे, देवनागरीत आहे, हाती घेता येतो. तरीही तो न वाचता मिटला गेला, तर आधीच्या तिघांचे श्रम शेवटच्या पावलाशी येऊन थांबतात. चौथी अडचण म्हणजे काळाने जुनी झालेली भाषा. ती दूर करण्यास दुसरा कोणी म्हाइंभट येणार नाही. ती प्रत्येक वाचकाने स्वतःच ओलांडावयाची आहे.

ती दिसते तेवढी अवघड नाही. लीळाचरित्रातील अडणारे शब्द बहुतांशी तेच तेच, पुन्हा पुन्हा येणारे आहेत. 'गोसावी' आणि 'सर्वज्ञ' म्हणजे स्वामी. 'बीजें करणे' म्हणजे स्वामींचे जाणे अथवा येणे. 'बिढार' म्हणजे उतरण्याची जागा, 'अवस्थान' म्हणजे मुक्काम, 'विहरण' म्हणजे फिरावयास जाणे. 'पहुड' म्हणजे स्वामींचे निजणे, 'उपहुड' म्हणजे उठणे. 'आरोगणा' म्हणजे जेवण, 'व्याळी' म्हणजे रात्रीचे जेवण, 'गुळळा' म्हणजे चूळ. 'पूजावसर' म्हणजे पूजेची वेळ, 'विळीचा' म्हणजे संध्याकाळचा. एवढे तेरा शब्द ज्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, त्याच्या वाटेतील अर्धे धोंडे दूर झाले.

उरलेल्यासाठी म्हाइंभटांचीच रीत उपयोगी पडते. दररोज एकच लीळा घ्यावी. ती प्रथम मोठ्याने वाचावी, कारण हा ग्रंथ मुळात ऐकून लिहिलेला आहे आणि कानाला तो डोळ्यापेक्षा लवकर कळतो. मग पाहावे की, ही लीळा कोठे घडली, कोण कोण उपस्थित होते, कोणी विचारले, स्वामींनी काय केले. न कळलेल्या शब्दाखाली खूण करावी. अंदाजाने अर्थ भरू नये. जाणत्याला विचारावे, आणि विचारण्यात कमीपणा मानू नये. म्हाइंभटांसारख्या पंडिताने तो मानला नाही. आठ दिवसांनी मागील लीळा पुन्हा वाचावी. त्या वेळी खूण केलेल्या शब्दांपैकी काही आपोआप उलगडलेले असतात.

येथे चिंचपाड्याच्या त्या वाचकाकडे पुन्हा वळावे. आपली घरची भाषा मावची, म्हणून आपण या ग्रंथाच्या उंबऱ्याबाहेरचे, असे तिला वाटते. परंतु परंपरेने सांगितलेले स्वामींचे पूर्ववृत्त तिने आठवावे. हरिपाळदेव हे भरूचच्या प्रधानाचे पुत्र. गुजरातेतून रामटेकच्या यात्रेस म्हणून निघाले, वाटेत ऋद्धिपुरास आले, आणि पुढे महाराष्ट्रात संचार करीत मराठीत बोलले. ज्यांच्या मुखातून मराठी गद्याचा हा झरा वाहिला, त्यांची जन्मभूमी मराठी मुलखाच्या बाहेरची होती. त्यांनी लोकांची भाषा जवळ केली, कारण त्यांना लोकांशी बोलावयाचे होते. सीमेवर जन्मणे हा उणेपणा नव्हे. एका भाषेतून दुसरीत जाण्याचा जो सराव सीमेवरच्या मुलाला लहानपणापासून असतो, तो जुन्या मराठीतून आजच्या मराठीत येताना उपयोगीच पडतो.

आणखी एक गोष्ट तिला सहज करता येईल, जी शहरातील वाचकाला करता येत नाही. वाचलेली लीळा संध्याकाळी घरी आजीला मावचीत सांगावी. ज्याला आपल्या घरच्या भाषेत लीळा सांगता आली, त्याला ती खरोखर कळली. भटोबासांनी वृद्ध स्त्रियांच्या आकलनाची जी चिंता वाहिली, तिचा आजचा अर्थ हाच. आजी मग विचारील, "पुढे काय झाले?" आणि सांगणारीला पुन्हा पोथी उघडावी लागेल. पुढे कदाचित आजीच आपली एखादी जुनी आठवण सांगू लागेल. तीही ऐकावी, लिहून ठेवावी, आजीचे नाव वर घालावे. म्हाइंभटांनी याहून निराळे काय केले?

सार

कष्ट आणि फळ यांचा संबंध सामान्यतः मजुरीसारखा समजला जातो. आधी काम, मग दाम. लीळाचरित्राचा इतिहास वेगळे सांगतो. येथे कष्ट फळाच्या अलीकडे राहिले नाहीत, ते फळातच उतरले. म्हाइंभटांनी विचारण्याचे कष्ट घेतले, म्हणून ग्रंथात साक्षींची नावे आली. पोथी हरपल्यानंतर आठवण्याचे कष्ट घेतले गेले, म्हणून पाठभेदांचा प्रामाणिकपणा आला. नकलून ठेवण्याचे कष्ट घेतले गेले, म्हणून पोथ्या मिळाल्या. त्याचप्रमाणे वाचकाने समजून घेण्याचे जे कष्ट घ्यावे, त्यातूनच स्मरण घडते. सहज कळलेले सहज विसरते. ज्या शब्दासाठी दोन दिवस थांबावे लागले, तो जन्मभर सोबत राहतो. आणि असन्निधानात जीवाला स्मरणावाचून दुसरा आधार नाही.

म्हणून पहिल्या पानावर अडखळलेल्याने पोथी मिटू नये. शब्द अडला तर खूण करावी, आणि ओळ पुढे वाचावी.

मननासाठी

१. भटोबासांजवळ बहुत लीळा असताना म्हाइंभटांनी अन्य साक्षीदारांना का विचारले?

२. जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत लीळांच्या पाठभेदांना कसा लागू पडतो?

३. 'वासना' आणि 'शोध' या नोंदी ग्रंथाचे वैगुण्य आहेत की बळ? आपले उत्तर एखाद्या लीळेच्या आधारे स्पष्ट करावे.

४. या आठवड्यात वाचलेली एक लीळा घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या बोलीत सांगावी, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न लिहून ठेवावा.